कोठीतून सूक्ष्मजगात: पाहा, टिपा आणि लिहून ठेवा

२० ऑगस्ट १८९७. हैदराबादेतल्या बेगमपेठच्या लहानशा रुग्णालयात रोनाल्ड रॉस एका डासाचं पोट चिरून त्यातला जठराचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. घामाने यंत्राचे स्क्रू गंजले होते, आयपीसला, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाला, तडा गेला होता, आणि डास उडून जातील म्हणून पंखाही हलवता येत नव्हता. हा डास हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला चावलेला होता. चावणाऱ्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळत असे. जठराच्या भिंतीत रॉस यांना काही गोल पेशी दिसल्या आणि त्यांच्यात काळसर कण दिसले. हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तात दिसणारं काळं रंगद्रव्य त्यांनी अनेकदा पाहिलेलं होतं, म्हणून हे कण त्यांच्या नजरेत भरले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पोसलेला आणखी एक डास त्यांनी तपासला, तेव्हा पेशी आदल्या दिवसापेक्षा मोठ्या झालेल्या होत्या. हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो, याचा हा पहिला पुरावा. त्यावरचा त्यांचा लेख १८ डिसेंबर १८९७ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. लेखाच्या शीर्षकातच स्पष्ट लिहिलं होतं की या पेशी 'दोन डासांत' आढळल्या. १९०२ मध्ये रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

या गोष्टीत नवशिक्यासाठी सगळा अभ्यासक्रम आहे. यंत्र साधं, तेही मोडकळीला आलेलं. काय शोधायचं याची मात्र आधीपासून जाण. एकदा दिसलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा पडताळलं, आणि दिसलं तेवढंच, तारीख आणि संख्येसकट, लिहून ठेवलं. आज तुमच्या खिशातल्या मोबाइलला रॉस यांच्या हाती नसलेला कॅमेरा आहे. पण नोंद नसलेला फोटो कितीही सुंदर असला तरी तो भिंतीवर लावण्यापुरताच असतो. नोंदीसकट फोटो म्हणजे निरीक्षण. हा लेख त्या दृष्टीने लिहिला आहे.

कोठी का?

सुरुवात करायला कोठीसारखी जागा हैदराबादेत दुसरी नाही. एका बाजूला जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी, म्हणजे पूर्वीच्या महिला महाविद्यालयाची इमारत. दुसऱ्या बाजूला १८४६ मध्ये हैदराबाद मेडिकल स्कूल म्हणून सुरू झालेलं उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय. जवळच जांबागेत मराठी माणसांनी उभारलेली विवेकवर्धिनी शिक्षणसंस्था. वैद्यकीय महाविद्यालयाच्या अवतीभवती शस्त्रक्रियेचं आणि प्रयोगशाळेचं सामान विकणारी दुकानं आहेत. तिथे स्लाइड, कव्हरस्लिप, ड्रॉपर, चिमटे आणि रंगद्रव्यं विचारा. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि पॅथॉलॉजीची प्रात्यक्षिकाची पुस्तकं चाळा, कारण त्यांतल्या आकृत्या नमुने ओळखायला फार उपयोगी पडतात. एलईडी दिवा हवा असेल तर ट्रूप बाजार, आणि मोबाइलचा स्टँड, होल्डर किंवा मोडका एलसीडी पडदा हवा असेल तर गुजराती गल्ली. या मोडक्या पडद्याचा उपयोग पुढे सांगतो.

यंत्र घेताना आकडे वाचा

फक्त चाखून पाहायचं असेल तर फोल्डस्कोप घ्या. स्टॅनफर्डमधल्या मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जगासमोर आणलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक वस्तू सुमारे १४० पट मोठी दाखवतो आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याला चुंबकाने चिकटतो. खिशात मावतो, पडला तरी फुटत नाही.

पुढे जायचं असेल तर विद्यार्थ्यांचा संयुक्त सूक्ष्मदर्शक घ्या. त्यात या गोष्टी असाव्यात: ४, १० आणि ४० पटींची वस्तुभिंगं, उजेड नमुन्यावर एकवटणारा कंडेन्सर आणि त्यात उजेडाचं छिद्र लहानमोठं करणारी आयरिस, एलईडी दिवा आणि स्लाइड दोन्ही दिशांना सरकवणारं मेकॅनिकल स्टेज. शक्य असेल तर तेलात बुडवायचं १०० पटींचं भिंगही घ्या. काही हजार रुपयांत असं यंत्र मिळतं. देशातल्या प्रयोगशाळा-साहित्याचं मोठं केंद्र अंबाला आहे, त्यामुळे दुकानातल्या यंत्रावर तिथलं नाव दिसलं तर नवल वाटू नये.

डब्यावर '२००० पट' असं ठळक छापलेलं असेल तर भुलू नका. वस्तुभिंगावर कोरलेले आकडे वाचा. '४०/०.६५' मधला दुसरा आकडा, म्हणजे न्यूमरिकल अपर्चर, भिंगाची खरी ताकद सांगतो. एकमेकांच्या जवळचे दोन बिंदू वेगळे दिसण्याची मर्यादा त्यावर ठरते: ०.६५ ला साधारण अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि १.२५ च्या तेलाच्या भिंगाला पाव मायक्रॉनच्या आसपास. या आकड्याला हजाराने गुणलं की उपयुक्त मोठेपणाची वरची मर्यादा मिळते. म्हणजे ०.६५ च्या भिंगातून ६५० पटींच्या पुढे चित्र फक्त फुगतं, नवं काही दिसत नाही. भिंगावर '०.१७' असंही कोरलेलं असतं. ती कव्हरस्लिपची मिलिमीटरमधली जाडी. जाड, स्वस्त कव्हरस्लिप वापरली तर चांगल्या भिंगातूनही ४० पटींवर धूसर दिसतं.

पहिले नमुने घरातले

पहिला नमुना नोट. पाचशेच्या नोटेवरची सूक्ष्म अक्षरं ४ पटींच्या भिंगाखाली वरून टॉर्चचा उजेड पाडून पाहा. फोकस कसा करायचा हे हाताला कळतं आणि काही बिघडत नाही.

दुसरा नमुना कांदा. आतल्या पाकळीचा पातळ पापुद्रा सोलून थेंबभर पाण्यात ठेवा आणि वर पातळ केलेलं आयोडीन टाका. पेशींच्या भिंती आणि पिवळट केंद्रकं दिसू लागतील. कव्हरस्लिप एका कडेवर टेकवून तिरकी धरा आणि हळूच खाली सोडा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. बुडबुडा ओळखायची खूण म्हणजे जाड, काळी, एकसारखी गोल कडा. नवशिके पुष्कळदा त्यालाच पेशी समजतात.

बटाटा कापून त्याचा रस स्लाइडवर टेकवला की स्टार्चचे कण दिसतात. आता गुजराती गल्लीतून आणलेल्या मोडक्या पडद्यावरची किंवा बिघडलेल्या कॅल्क्युलेटरवरची ध्रुवक फिल्म काढा. एक तुकडा दिव्यावर ठेवा, दुसरा आयपीसवर धरा, आणि पार्श्वभूमी काळी होईपर्यंत वरचा फिरवा. प्रत्येक कणावर काळी फुली उमटते आणि बाकीचा कण उजळतो. साखरेचे स्फटिक चमकतात, मिठाचे चमकत नाहीत. मिठाचा स्फटिक घनाकार असतो आणि प्रकाश त्यातून सगळ्या दिशांनी सारखाच जातो, म्हणून तो अंधारातच राहतो.

मग सजीव. सुकं गवत चारपाच दिवस साध्या पाण्यात भिजत ठेवा. आधी जिवाणूंची साय येते, मग ते खाणारे प्राणी. पॅरामेशियम सुसाट पळतो. कापसाचे दोनतीन तंतू थेंबात ठेवले की तो अडखळतो आणि नीट पाहता येतो. पावसाळ्यात भिंतीवर उगवणारं शेवाळ रात्रभर उथळ ताटलीत भिजवून पिळा आणि खालचा गाळ तपासा. नशीब असेल तर आठ पायांचा, संथ चालणारा टार्डिग्रेड भेटेल. बहुतेक टार्डिग्रेड अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान असतात. एकदा दिसला नाही म्हणून सोडू नका. वेगळ्या भिंतीचं, वेगळ्या उन्हातलं शेवाळ आणा.

तळ्याकाठच्या दगडावरचा तपकिरी थर जुन्या ब्रशने खरवडला की डायाटम मिळतात. हे एकपेशीय जीव स्वतःभोवती काचेसारखं सिलिकाचं कवच बांधतात, आणि कवचावरची नक्षी जातीनुसार बदलते. डायाटमांचे अभ्यासक हेमेंद्रकुमार गांधी यांनी पन्हाळगडावरच्या गोड्या पाण्यातल्या डायाटमांवर शोधनिबंध लिहिला. किल्ला आपण सगळ्यांनी पाहिलेला, पण तिथलं पाणी असं कुणी पाहिलं होतं? तुमच्या मोहल्ल्यातल्या टाकीवर असा अभ्यास झालेला नसेल, याची शक्यता मोठी आहे.

उजेड हीच निम्मी कला

नवशिके भिंग बदलत राहतात, जाणकार उजेड बदलतात. आयरिस पूर्ण उघडी असेल तर पारदर्शक जीव पाण्यात विरघळल्यासारखे दिसतात. फार बंद केली तर कडा जाड होतात आणि तपशील हरवतो. सोपी युक्ती: फोकस झाल्यावर आयपीस काढून नळीत डोकवा. प्रकाशाचं वर्तुळ सुमारे तीन चतुर्थांश भरेल इतकी आयरिस उघडी ठेवा. भिंग बदललं की पुन्हा तपासा. उजेड कमीजास्त करायचा असेल तर दिव्याचं बटण फिरवा, आयरिस नको.

काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारे जीव हवे असतील तर काळ्या कागदाची गोल चकती कापून कंडेन्सरखालच्या कडीत मधोमध ठेवा आणि आयरिस पूर्ण उघडा. सरळ येणारा उजेड अडतो आणि जीवाला लागून वळलेलाच भिंगात शिरतो. चकतीचं माप जमलंय का हे पाहायला पुन्हा आयपीस काढा: नळीतलं वर्तुळ पूर्ण झाकलेलं दिसलं पाहिजे. ही युक्ती ४ आणि १० पटींवर उत्तम चालते.

यंत्राला दिव्याऐवजी आरसा असेल तर तो कधीही सूर्याकडे वळवू नका. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. खिडकीतलं आकाश किंवा दिव्याने उजळलेला पांढरा कागद पुरे.

मोबाइलने फोटो काढताना

फोनचा मुख्य कॅमेरा वापरा, मॅक्रो किंवा वाइड नको. आयपीसपासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर जिथे प्रकाशाचं वर्तुळ पडद्यावर सर्वांत मोठं आणि एकसारखं दिसतं, तिथे फोन स्थिर करा. हात कापतोच, म्हणून होल्डर घ्या आणि टायमर लावा. पडद्यावर बोट दाबून फोकस आणि एक्सपोझर कुलूपबंद करा. फ्लॅश बंद. प्रो मोड असेल तर आयएसओ कमीत कमी ठेवा आणि रिकाम्या पांढऱ्या भागावर व्हाइट बॅलन्स बसवा. चित्रात आडवे पट्टे येत असतील तर ते विजेच्या दिव्याच्या लुकलुकण्याचे आहेत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की ते जातात.

४० पटींवर एका वेळी फारच पातळ थर स्पष्ट दिसतो. स्थिर नमुना असेल तर फोकसचं बारीक बटण थोडंथोडं फिरवत दहावीस फोटो काढा आणि स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा. पळणाऱ्या जीवाचा मात्र व्हिडिओ घ्या. त्याची चाल हीच त्याची ओळख असते.

एक धोका नवा आहे. अलीकडचे फोन चित्र आपोआप 'सुधारतात', कडा टोकदार करतात, अंदाजाने पोत भरतात. चेहऱ्याच्या फोटोला ते चालेल. डायाटमच्या रेषा मोजायच्या असतील तर फोनने स्वतः काढलेल्या रेषा मोजल्या जातील. म्हणून सौंदर्य, एचडीआर आणि सीन ऑप्टिमायझर बंद करा, शक्य तिथे रॉ फाइल ठेवा. रंग किंवा कॉन्ट्रास्ट बदललात तर फोटोखाली तसं लिहा. मूळ फाइल कधीही पुसू नका.

मोजमाप आणि वही

मोजमापाशिवाय सूक्ष्म फोटो अर्धवट राहतो. आयपीसवर '१०×/१८' असं लिहिलेलं असेल तर १८ ला वस्तुभिंगाच्या पटींनी भागा: ४ पटींवर दिसणारं वर्तुळ साडेचार मिलिमीटरचं, १० पटींवर १.८ चं, ४० पटींवर ०.४५ चं. पॅरामेशियम त्या वर्तुळात किती वेळा मावेल, हे पाहूनच त्याचा अंदाज येतो.

नेमकं मोजायचं तर स्टेज मायक्रोमीटर घ्या. ही एक मिलिमीटरचे शंभर भाग आखलेली स्लाइड असते. दोन रेषांमध्ये १० मायक्रॉन. प्रत्येक भिंगाखाली तिचा फोटो एकदाच काढा, फोन त्याच अंतरावर आणि झूम न करता. समजा १० पटींवर एक मिलिमीटर म्हणजे २५०० पिक्सेल आले, तर एक पिक्सेल म्हणजे ०.४ मायक्रॉन, आणि फोटोवर ५० मायक्रॉनची मापपट्टी काढायला १२५ पिक्सेल लागतात. इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर ही पट्टी फोटोवर आपोआप काढून देतं.

वहीत प्रत्येक नमुन्यासाठी एवढ्या गोष्टी हव्यात: तारीख आणि वेळ, नेमकी जागा, पाणी कसं होतं, नमुना कसा तयार केला, कोणता रंग, कोणतं भिंग, उजेड कसा, मूळ फाइलचं नाव. शेवटी एक रेखाटन, ते कितीही वेडंवाकडं असलं तरी. हात चालवताना डोळा थांबतो आणि कॅमेऱ्याने टिपलेलं पण आपण न पाहिलेलं लक्षात येतं. ओळख पटली नाही तर प्रश्नचिन्ह टाका; चुकीच्या नावापेक्षा ते प्रामाणिक असतं.

नोंदीचं मोल समजायला लोणार आठवा. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं आणि त्याचे फोटो घरोघरी पोचले, तर्कही तितकेच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले तेव्हा कारण ठरलं: हॅलोआर्किया नावाचे मीठप्रिय सूक्ष्मजीव. नुसत्या फोटोवरून ते कधी ठरलं नसतं.

कूलरची टाकी: रॉस यांच्या शहरातला गृहपाठ

उन्हाळ्यात कूलर आणि पावसाळ्यात कुंड्यांच्या ताटल्या, पिंप, गच्चीवरच्या टाक्या तपासा. पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन अळ्या पाहा. पृष्ठभागाला समांतर आडवी तरंगणारी अळी अॅनोफिलीसची, म्हणजे हिवताप पसरवणाऱ्या कुळातली. डोकं खाली करून तिरकी लटकणारी, शेपटाजवळ श्वासनळी असलेली अळी क्युलेक्स किंवा एडिसची. एडिस डेंग्यू पसरवतो. अळी ड्रॉपरने स्लाइडवर घ्या, ४ पटींवर फोटो काढा, नोंद करा. आपल्या शहरांत हिवताप पसरवणारा अॅनोफिलीस स्टीफेन्सी गच्चीवरच्या टाक्यांतही वाढतो, म्हणून ही पाहणी निव्वळ छंद नाही. आणि पाहणी संपली की पाणी लगेच ओतून टाकी कोरडी करा. गल्लीतल्या चार घरांची अशी यादी करून महापालिकेच्या कर्मचाऱ्याला दाखवली, तर तुमच्या फोटोंचा उपयोग सगळ्या गल्लीला होईल.

जपायच्या गोष्टी

मुसी नदीच्या किंवा नाल्याच्या पाण्याला उघड्या हाताने स्पर्श करू नका. हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. काँटॅक्ट लेन्स वापरत असाल तर काम संपून हात धुईपर्यंत डोळ्यांना हात नको. घरी कुणाचंही रक्त काढू नका. रक्तपेशी किंवा हिवतापाचा परजीवी पाहायचा असेल तर तयार स्लाइड विकत मिळते. ताटलीत जिवाणू वाढवण्याचे प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतच करा. बुरशीचा पाव बंद पिशवीत ठेवा, हुंगू नका. जिवाणू पाहायचेच असतील तर दही आहे: पातळ केलेल्या ताकाचा थर स्लाइडवर वाळवा, मिथिलीन ब्लू लावा, धुवा, आणि तेलाच्या भिंगाखाली काड्या आणि मण्यांच्या माळा पाहा.

हैदराबादच्या पावसाळी दमटपणात भिंगांवर बुरशी चढते. यंत्र बंद लाकडी पेटीत न ठेवता सिलिका जेलसोबत झाकून ठेवा. तेलाचं भिंग वापरल्यावर लगेच लेन्सच्या कागदाने पुसा. सदऱ्याचं टोक वापरलं की ओरखडे कायमचे राहतात. फोकस करताना भिंग स्लाइडपाशी बाजूने बघत आणा आणि मग आयपीसमधून पाहत दूर न्या. उलट केलंत तर स्लाइड फुटते आणि भिंगही जातं.

पुढची पायरी

उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्थानकावरून मेट्रो धरा, अमीरपेठला गाडी बदला आणि बेगमपेठला उतरा. जुन्या विमानतळाजवळ रॉस यांच्या नावाची परजीवीशास्त्राची संस्था आहे. जाण्याआधी ती पाहता येईल का, हे विचारून घ्या. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या सीसीएमबी या पेशी व रेण्वीय जीवशास्त्राच्या केंद्रासारख्या सीएसआयआरच्या प्रयोगशाळा २६ सप्टेंबरच्या स्थापनादिनाच्या सुमाराला सर्वसामान्यांसाठी दारं उघडतात. त्या दिवशी मुलांना अवश्य न्या. 'निकॉन स्मॉल वर्ल्ड' या सूक्ष्म छायाचित्रांच्या स्पर्धेतली चित्रं पाहताना त्यांच्याखालच्या ओळीही वाचा. प्रत्येक चित्राखाली तंत्र आणि भिंगाच्या पटी लिहिलेल्या असतात.

शाळेतले शिक्षक असाल तर वर्गासाठी एकच यंत्र पुरेसं आहे. एका गटाने नमुना आणावा, दुसऱ्याने फोटो काढावा, तिसऱ्याने मोजावं आणि वही लिहावी. पुढच्या आठवड्यात कामं बदलावीत. वर्षअखेरीला मुलांच्या हाती शाळेच्या आवारातल्या सूक्ष्मजीवांची, तारीखवार आणि मोजमापासकट, यादी असेल. ती पुढच्या वर्षीच्या मुलांना द्या, म्हणजे त्यांना तुलना करता येईल. यंत्र महाग हवं असं नाही. नोंद मात्र न चुकता हवी.